गाडी चालवणारं माणूस

६ जानेवारी

मोजपट्टी,

घे, लिहिलं पत्र. कॉलेज सोडल्यापासून एवढं सलग मी काही लिहिलेलं नाही. गॅरेजात लिहायचं ते बिल, आणि तेही मामा स्वतः लिहितो, कारण माझ्या अक्षरात गिऱ्हाइकाला आकडा जास्त दिसतो म्हणे.

फोन बंद केलास ते बरं केलंस असं मी म्हणणार नाही. मी ओरडलो, मान्य. पण तू बोलत असताना मागे कोणीतरी हसलं आणि ते हसणं पुरुषाचं होतं. मी नुसतं विचारलं कोण आहे. तू म्हणालीस, फोनवर तू ऐकत नाहीस, नुसता भडकतोस, यापुढे लिही, लिहिताना तरी दम घ्यावा लागतो. आणि ठेवून दिलास. आता पोस्टमनने तुझं पाकीट आणलं की मला त्याचाही राग येतो. तुझं अक्षर माझ्या आधी तो बघतो.

चिठ्ठी मात्र तू चारच ओळींची पाठवलीस. बियाणं तपासणीच्या तुमच्या प्रयोगशाळेला मार्चच्या सुरुवातीला सुट्टी, मोटरसायकलवरून चार दिवस फिरायचंय, ट्रक नकोत, गर्दी नको, खेड्यापाड्यातले शांत रस्ते आखून दे, तुझ्याइतके ते कोणाला माहीत नाहीत. हे वाचून मी एका गाडीत दोनदा ऑइल ओतलं. मामा म्हणाला, गाडी आहे रे ती, पाहुणा नाही, किती आग्रह करशील.

तर ऐक. पहिल्या दिवशी हमरस्ता सोडायचा तो वजनकाट्यापाशी. बाकीचे पुढे पेट्रोल पंपावरून वळतात, ते मूर्ख आहेत. वजनकाट्याच्या मागून एक रस्ता निघतो, सुरुवातीला वाटतं हा कोणाच्या तरी अंगणात जाऊन संपणार. संपत नाही. तळ्याच्या कडेकडेने जातो, आणि सकाळी गेलं तर पाण्यात बगळे असे उभे असतात की आपल्याच गाडीच्या आवाजाची लाज वाटते. दुसरा दिवस सूर्यफुलांचा. डांबर जुनं आहे पण खड्डे नाहीत, कारण त्या रस्त्याने कोणी जातच नाही.

तिसरा दिवस मी राखून ठेवलाय. बंद पडलेल्या वीटभट्टीपाशी दोन फाटे फुटतात. डावीकडे वळायचं. तो कालव्याकाठचा रस्ता. दोन्ही बाजूंना निलगिरी, आणि शेजारून पाणी चाललेलं, अगदी आपल्याच वेगाने. बंद पडलेली एक गाडी आणायला गेलो होतो तेव्हा तो मला सापडला. गाडी राहिली बाजूला, मी दगडावर बसून राहिलो आणि मामाच्या शिव्या खाल्ल्या. तो रस्ता आजवर मी कोणाला सांगितलेला नाही. कोणाला म्हणजे कोणालाच. तुला सांगतोय.

चौथ्या दिवशी टेकड्यांवरून परत. तेवढं सविस्तर पुढच्या पत्रात. मागच्या सीटचा फोम मी आजच नवीन टाकून घेतलाय.

ठिणगी


१७ जानेवारी

ठिणगी,

तुझं अक्षर अजून तसंच आहे, रागावलेल्या मुंग्यांसारखं. पण रस्ते सुंदर लिहितोस. कालव्याचा भाग वाचताना ओल्या कागदावरचे अंकुर मोजायचे राहिले आणि एक अख्खा ट्रे मला पुन्हा मोजावा लागला.

मागे हसले ते आमचे नमुनेवाले काका. गावोगावच्या दुकानांतून बियाण्यांचे नमुने गोळा करून आणतात, वर्तमानपत्रातले विनोद वाचतात आणि एकटेच हसतात. त्यांना नातवंडं आहेत. झालं समाधान?

आता कामाचं विचारते. गाडी चालवणारं माणूस उंचीने कमी आहे. सीटवर बसलं की पाय जेमतेम टेकतात. त्याला काही करता येईल का? क्लच जड लागतो, संध्याकाळी मनगट ठणकतं. आणि चढावर थांबून परत निघताना गाडी हमखास बंद पडते. हे गाडीमुळे की माणसामुळे? माणूस नवखं आहे, तेव्हा एका दिवसाला फार लांबचा पल्ला नको.

मागच्या सीटच्या फोमचं मात्र मला कळलं नाही. कोणाच्या गाडीचा?

मोजपट्टी


२२ जानेवारी

मोजपट्टी,

कोणाच्या गाडीचा म्हणून विचारतेस? माझ्या गाडीचा. तुझ्यासाठी. मला वाटलं आपण दोघं जातोय. मी इथे बसून तुला तळी आणि बगळे लिहितोय आणि तिकडे तू एका बुटक्याच्या मागे बसून ते बघणार आहेस.

आणि वर लिहितेस काय, तर 'माणूस'. बायका 'आमचं माणूस' कोणाला म्हणतात ते मला कळतं. मी कॉलेज सोडलंय, भाषा सोडलेली नाही. नाव लिहायला हात जड झाला वाटतं? त्याच्या क्लचसारखा?

मी गाड्यांवरून माणसं ओळखतो. गाडी दारात आली की मालक कसा असेल ते मी मामाला सांगतो आणि दहातली नऊ वेळा बरोबर येतं. हा तुझा कसा आहे सांगू? पाय टेकत नाहीत, मनगट ठणकतं, चढावर गाडी बंद पाडतो. तू हाक मारल्याशिवाय रस्ता ओलांडत नसेल. कॉलेज पूर्ण केलेला असणार, बोटं पांढरी असणार, आणि गाडी पुसायचं फडकं वेगळं ठेवत असणार. दिसायला माझ्याहून बरा आहे का, एवढं फक्त सांग. खरं सांग.

हे पत्र मी काल लिहिलं असतं तर याहून वाईट लिहिलं असतं. काल मी एका चांगल्या गिऱ्हाइकाला, तुमच्या गाडीपेक्षा तुमचीच चेन जास्त ढिली आहे, असं म्हणालो. मामाने मला दुपारपर्यंत मागच्या खोलीत टायर मोजायला बसवलं. मामी जेवायला वाढताना म्हणाली, हा उपाशी नाही, हा जळतोय, याला पाणी द्या नुसतं.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. सीटचा फोम खालून कापून घ्यावा, वरून नाही, नाहीतर बसायला पाटासारखी होते. क्लचच्या वायरीत वरच्या टोकाकडून तेल सोडावं आणि ते खाली उतरेपर्यंत लिव्हर हळूहळू दाबत राहावं. चढावर थांबलं की मागचा ब्रेक पायाने धरून ठेवावा, क्लच सोडताना गाडी ओढायला लागली असं जाणवलं की मगच ब्रेक सोडावा. घाई केली की बंद पडते. यात गाडीचा काही दोष नाही.

हे मी त्याच्यासाठी सांगत नाही. मागे तू बसणार आहेस म्हणून सांगतोय.

ठिणगी


२ फेब्रुवारी

ठिणगी,

तुझं पत्र वाचून रागवावं की हसावं ते ठरेना, म्हणून आठ-दहा दिवस दोन्ही केलं आणि आता लिहितेय.

नाव सांगणार नाही. निघण्याआधी सांगेन. आत्ता सांगितलं तर तू काय करशील ते मला पाठ आहे. माझ्यावर विश्वास असेल तर तेवढं थांबशील. नसेल तर नाव कळूनही तुला काही उपयोग नाही.

बाकीचं विचारलंस ते सांगते. कॉलेज पूर्ण केलंय, हो. बोटं पांढरी नाहीत, औषधांच्या डागांनी पिवळी आहेत. दिसण्याचं म्हणशील तर आरशात बघून त्या माणसाचं स्वतःचंही फारसं समाधान होत नाही.

तू सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. फोम खालून कापला. क्लच आता लोण्यासारखा चालतो. चढावरची युक्ती पहिल्या दिवशी जमली नाही, दुसऱ्या दिवशी जमली, आणि तो आनंद काय वर्णावा, काकांनी सगळ्या प्रयोगशाळेला चहा पाजला. त्या माणसाने तुझे आभार मानलेत. मनापासून मानलेत, टोमणा समजू नकोस.

परवा मागच्या आवारात वळताना गाडी आडवी झाली. गुडघा खरचटला, आरसा मोडला. गाडी उचलताना मला इतकं हसू येत होतं की उचलताच येईना.

आता शेवटचा आराखडा पाठव ना. कुठे वळायचं, कुठे राहायचं, तुझ्या खुणांसकट. तुझ्या खुणा मला नकाशापेक्षा खऱ्या वाटतात.

मोजपट्टी


११ फेब्रुवारी

माननीय मोजपट्टी मॅडम,
बियाणं तपासणी प्रयोगशाळा,

आपलं पत्र पोचलं. आपल्या माणसाचा गुडघा खरचटल्याचं वाचून आनंद झाला, म्हणजे वाईट वाटलं. पदवीधर आहेत, पडतानाही पदवीसकट पडत असतील. आपण हसत हसत त्यांची गाडी उचललीत हेही वाचलं. माझी गाडी एकदा चिखलात अडकली होती तेव्हा आपण काठावर उभ्या राहून घड्याळ बघत होतात, ते आठवलं. असो.

मामाला मी काही सांगितलेलं नाही, पण तो माझ्या तोंडाकडे बघून सगळं ओळखतो. काल म्हणाला, नळ गळायला लागला की लोक वॉशर बदलतात, तू पाइपच उपटतोस. कॉलेजातही तेच केलंस. सर म्हणाले वर्गाबाहेर जा, तू कॉलेजबाहेर गेलास. मी म्हटलं, मामा, स्पॅनर दे.

आराखडा खालीलप्रमाणे.

पहिला दिवस, दुसरा दिवस, आधी कळवल्याप्रमाणे. मुक्काम तलावाच्या बांधाजवळच्या लॉजवर, आणि दुसऱ्या रात्री सूर्यफुलांच्या पुढे शाळेसमोर जे दुमजली घर आहे तिथे. त्या बाई खोल्या भाड्याने देतात. खोल्या दोन घ्याव्यात.

तिसरा दिवस. कालव्याच्या रस्त्याचं काम काढलंय, तो बंद आहे. वीटभट्टीपाशी उजवीकडे वळावं. रस्ता चांगला आहे. पुढे उतार लागेल. आपल्या माणसाची गाडी चालवण्याची कला आपल्याला तिथे अगदी जवळून बघायला मिळेल.

चौथा दिवस, टेकड्यांवरून. धुकं असलं तर थांबावं. हे दोघांनाही सांगतोय.

आपला नम्र,
गॅरेजवाला


३ मार्च

ठिणगी,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा मी रस्त्यावर असेन. मुद्दाम तसं पाठवलंय. उद्या सकाळी निघतेय.

ते माणूस मी आहे.

माझे पाय टेकत नाहीत, माझं मनगट ठणकतं, माझा गुडघा खरचटला. काकांनी त्यांची जुनी गाडी मला विकली आणि प्रयोगशाळेच्या मागच्या आवारात शिकवली. पत्रं काढून बघ, मी एकदाही 'तो' लिहिलेलं नाही. 'ते माणूस' लिहिलं, ते खरंच होतं. 'तो' तू वाचलास. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा सहज लिहून गेले, तुझं उत्तर आल्यावर मात्र मजा वाटायला लागली, आणि मग मजा थोडी लांबली. त्याबद्दल माझं चुकलं.

पण आधी का नाही सांगितलं, ते मजेसाठी नाही. तुला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू गॅरेज टाकून इथे आला असतास. गाडी माझ्या हातातून घेतली असतीस, क्लच बघितला असतास, आवारात दोन चकरा मारल्या असत्यास आणि म्हणाला असतास, तुला नाही झेपायची ही, बस मागे. आणि तू हे प्रेमाने म्हणाला असतास. रागाने म्हणालास तर मी भांडू शकते. प्रेमाने म्हणालास की मी मागे बसते. आजवर तेच करत आलेय.

मी एकटी जातेय. तुझ्यापासून लांब म्हणून नाही, कोणाकडे म्हणूनही नाही. नुसती जातेय. तू आखलेल्या रस्त्याने जातेय, म्हणजे तसं बघितलं तर तुझ्यावर विसंबूनच.

फोन बंद ठेवणार आहे. गाडी चालवताना खिशात वाजला की माझा तोल जातो, आणि वाजवणारा कोण असेल ते मला माहीत आहे.

आल्यावर लिहीन.

मोजपट्टी


९ मार्च

ठिणगी,

आले. धडधाकट आले. नाक उन्हाने सोललंय आणि हात असे थरथरतात की काल चिमट्याने बी धरता येईना, पण आले. तुझं पत्र येऊन पडलं असेल असं वाटलं होतं. आलेलं नाही. रागावलायस ना? रागाव. पण आधी ऐकून घे.

वजनकाट्यामागचा रस्ता खरंच अंगणात संपेल असं वाटतं. मी दोनदा थांबले. एका आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, जा पुढे, सगळ्यांना असंच वाटतं. बगळे होते. मी इंजिन बंद करून गाडी ढकलत नेली तळ्याशेजारून, आवाजाची लाज वाटली म्हणून. सूर्यफुलं अर्धी झाली होती, पण अर्धीही खूप होती. शाळेसमोरच्या बाईंनी विचारलं, बरोबर कोणी नाही? मी म्हटलं नाही. त्यांनी पुन्हा वाकून माझ्या मागे बघितलं. मग स्वतःच हसल्या आणि जास्तीची उशी दिली.

आता तिसऱ्या दिवसाचं. त्याबद्दल मला तुझी माफी मागायची आहे.

वीटभट्टीपाशी पोचले. तिथे एक सायकलवाला होता, त्याला सहज विचारलं, कालव्याचं काम कधी संपणार. तो म्हणाला, कसलं काम? रस्ता चालू आहे. माझ्या मनात फार वाईट आलं. वाटलं, तू मला तो रस्ता दिलास आणि रागाने काढून घेतलास. शेवटी म्हटलं, रस्ता त्याचा आहे. त्याने परत घेतला तर मी चोरून जाणार नाही. आणि तू लिहिलं होतंस तशी उजवीकडे वळले.

पुढे खाण लागली. उतार वरून नीट बघितला. गाडी लावून अर्ध्यापर्यंत चालत गेले. दोन्ही कडांना खडी नुसती पसरलेली. पण खाली वळणावर कोणीतरी ती फावड्याने ओढून बाजूला सारली होती, आणि मधून गाडीपुरती वाट अशी स्वच्छ की झाडून काढल्यासारखी. खाणीवरची माणसं किती काळजी घेतात बघ. पहिल्या गिअरमध्ये उतरले. वळले. काही झालं नाही. खाली जाऊन मी मोठ्याने ओरडले, आनंदाने.

म्हणजे तू लिहिलं होतंस तसाच रस्ता चांगला होता, आणि कालव्याबद्दल तुझ्या कानावर चुकीचं आलं असणार. मी उगाच तुझ्यावर संशय घेतला. तू माझ्यावर घेतोस त्याचा मला इतका राग येतो, आणि मीही तेच केलं. माफ कर.

लिही. दोन ओळी तरी लिही.

मोजपट्टी


१४ मार्च

मोजपट्टी,

माझी माफी मागू नकोस. तुझं ते वाक्य वाचल्यापासून गॅरेजात माझ्या हातून एक नट सरळ बसलेला नाही.

कालव्याचं काम नव्हतं. माझ्या कानावर काही चुकीचं आलं नव्हतं. मी खोटं लिहिलं. खाणीचा उतार मला माहीत होता. ट्रक खडी सांडत उतरतात, आणि उतार संपतो तिथेच वळण आहे. तिथून आम्ही पडलेल्या गाड्या उचलून आणल्या आहेत. मी तो रस्ता त्या बुटक्यासाठी आखला. माझ्या डोळ्यांपुढे असं चित्र होतं की तो वळणावर आडवा होईल, तू मागून उतरशील, कपडे झटकशील आणि त्याच्याकडे बघशील. बस, एवढंच. तू मागे बसलेली असशील तर तूही पडशील, हे माझ्या त्या चित्रात नव्हतं. मी तुला चित्रातून सोयीने उतरवून ठेवलं होतं.

तुझं पत्र मामाने माझ्या हातात दिलं तेव्हा तुझा दुसरा दिवस चालू होता. 'ते माणूस मी आहे' वाचलं आणि मला तो उतार दिसला. फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. मामाला म्हटलं जातो, त्याने कुठे विचारलं नाही, स्वतःच्या गाडीची किल्ली दिली, तुझी चालायची नाही म्हणाला, तू आता पळवशील.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खाणीवर होतो. रखवालदाराकडे फावडं मागितलं. तो म्हणाला, तुला कोणी पाठवलं? मी म्हटलं, मीच.

वळण झाडून काढलं. मग एक ट्रक आला आणि सगळी मेहनत खडीखाली गेली. ड्रायव्हरशी भांडलो. तो म्हणाला, खाणीच्या रस्त्यावर खडी नाही तर काय फुलं सांडू? त्याचं बरोबर होतं. पुन्हा झाडलं. खाणीवरची माणसं लांब उभी राहून बघत होती, एक म्हणाला, याचं लग्न आहे का आज इथे.

मी तुला थांबवणार होतो, हे शपथेवर सांगतो. वर तुझी गाडी दिसली तेव्हा फावडं टाकून मी दोन्ही हात वर केले होते. तुझं लक्ष माझ्याकडे गेलं नाही, उतार बघून तू आपणहून थांबलीस. हेल्मेट काढलंस, खाली चालत आलीस, रस्ता बघितलास. मी पत्र्याच्या शेडमागे गेलो. का गेलो ते तेव्हा कळलं नाही. तू परत वर गेलीस, गाडीवर बसलीस आणि उतरायला लागलीस. क्लच हळू, मागचा ब्रेक जपून, मान सरळ. ओठ हलत होते. स्वतःशी बोलत होतीस की गात होतीस कोण जाणे.

तो चेहरा मी कधी बघितलेला नाही. माझ्याबरोबर असतेस तेव्हा तू अर्धी माझ्याकडे बघत असतेस, हा आता कशावरून भडकेल म्हणून. त्या उतारावर तुझ्या चेहऱ्यावर मी कुठेच नव्हतो. आणि मला त्या माणसाचा इतका हेवा वाटला मोजपट्टी, त्या बुटक्याचा वाटला त्याच्या शंभरपट. बुटक्याशी मारामारी तरी करता आली असती. याच्याशी काय करू? त्या क्षणीसुद्धा, वळण मीच झाडलेलं असताना, मनात आलं की गाडी बंद पडावी आणि तू मला हाक मारावीस.

नाही पडली. तू वळलीस आणि ओरडलीस. ते मी ऐकलं.

मी गप्प बसलो असतो तर तू जन्मभर खाणीवाल्यांचे आभार मानले असतेस आणि माझेही. ते मला सहन झालं नसतं. आता तुला जे करायचं ते कर.

ठिणगी


२ एप्रिल

ठिणगी,

उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. मग उत्तर लिहिलं आणि फाडलं. हे फाडायच्या आत टाकणार आहे.

तू मला पाडलं नाहीस, पण घाबरवलंस. तुझं पत्र आल्यापासून मी गाडीला हात लावला नव्हता. काका विचारत होते, काय झालं, मी म्हणायची, चेन ढिली आहे. खरं तर प्रत्येक वळणाबद्दल मला वाटायला लागलंय की हे कोणीतरी आखून ठेवलंय. चार दिवसांत मी जे कमावलं होतं ते तुझ्या एका पत्राने गेलं. परवा परत काढली. आवाराच्या बाहेर नेली नाही.

तू कोणाला तरी पाडण्यासाठी रस्ता आखलास, हे वाचून मला तुझी भीती वाटली. आणि खाणीत उभा राहून ती खडी ओढलीस, हे वाचून रडू आलं. दोन्ही तूच आहेस. त्यातलं एक ठेवून दुसरं परत पाठवता येत नाही, मी तसा प्रयत्न करून बघितला. त्या उतारावरून एकटी उतरलेली मी आणि तुझ्या चित्रातली मी, यातली तुला कोण हवी आहे ते मला अजून माहीत नाही. कदाचित तुलाही नाही.

तरी तू लिहिलंस. लपवता आलं असतं. ते मी मोजलंय.

तेव्हा असं कर. रविवारी ये. गाडी आणू नकोस. मामाचीही नको. बसने ये. मी प्रयोगशाळेच्या फाटकापाशी उभी राहीन. बसायचं नाही, कुठे जायचं नाही, शेतांच्या बाजूने चालायचं आणि बोलायचं. मी जे म्हणेन ते तुला ऐकावं लागेल, आणि त्यातलं बरंचसं तुला आवडणार नाही. त्यानंतर काय, ते मला विचारू नकोस. मी ठरवलेलं नाही.

मोजपट्टी


५ एप्रिल

मोजपट्टी,

येतो. बसने.

शेजारी कोणी बसलं आणि तुमच्या गावी उतरायला लागलं तर का उतरतोय म्हणून विचारणार नाही. हेवा गेलेला नाही, तो बरोबर येईल, त्याला तिकीट लागत नाही. पण त्याला मी बोलू देणार नाही, निदान तू बोलत असताना.

तुझी गाडी तेवढी आत लावून ये. तिच्याशी माझं अजून जमलेलं नाही.

मामाला सांगितलं की रविवारी गाडी नेत नाही, तर त्याने हातातला स्पॅनर खाली ठेवला. म्हणाला, भांडण झालं तर निघून कसा येशील? आजवर जिथे जिथे माझं डोकं फिरलं तिथून मी किक मारून निघून आलोय, कॉलेजातूनसुद्धा. मी स्टँडवर जाऊन चौकशी केली. सकाळी येणारी बस आहे. परतीची संध्याकाळीच आहे, मधे एकही नाही.

म्हणून तर येतोय.

ठिणगी